बाकावरची गर्दी

दवाखान्याच्या मागच्या अंगाला आमची खोली. दारावर आधी 'गुप्तरोग' अशी पाटी होती, पुढे 'सुरक्षा क्लिनिक' आली. रिक्षावाले मात्र जुनंच नाव सांगत. बाहेर एक लाकडी बाक. त्यावर बसायला येणारा माणूस लांबूनच ओळखू यायचा. बायकांच्या तोंडावर पदर, ट्रकवाल्यांच्या गमछा. बाकी दवाखाना उघड्या तोंडाने हिंडायचा, त्यामुळे तोंड झाकलेलं दिसलं की वॉर्डबॉय न विचारताच आमच्याकडे बोट दाखवायचा.

मी लॅब टेक्निशियन. सकाळी रक्त काढायचं, सीरम 56 अंशांवर अर्धा तास ठेवायचं, काचपट्टीच्या खळग्यांत त्याचा थेंब, वर अँटिजेनचा थेंब, की रोटेटरवर चार मिनिटं. ही व्हीडीआरएल. सूक्ष्मदर्शकाखाली दाणे धरलेले दिसले की सिफिलिसचा संशय. त्या रोटेटरची घरघर अजून कानात आहे. शेजारी समुपदेशक ताई बसायच्या. त्यांच्याकडे औषधांचे सात रंगांचे संच. ड्रायव्हर मंडळी औषधाचं नाव काही लक्षात ठेवत नसत. ''ताई, मागल्या खेपेची राखाडीच द्या,'' म्हणायचे. मग ताई आधी पंधरा मिनिटं झाडायच्या आणि बायकोलाही घेऊन ये म्हणायच्या.

गरोदर बायकांच्या व्हीडीआरएलमधून उरलेलं रक्त, नाव काढून नुसता नंबर घालून, एचआयव्हीच्या पाहणीला जायचं. एका केंद्राचे तीन महिन्यांत 400 नमुने. देशात एचआयव्ही किती पसरलाय याचा हिशेब त्या उरल्यासुरल्या रक्तावर मांडला जायचा, हे घरी कुणाला पटत नसे.

मग 2020 चा मार्च आला. एसटी थांबली. माझ्या हातात स्वॅबच्या काड्या आल्या, ताईंना कोरोना रुग्णांच्या संपर्कातली माणसं शोधायला फोनवर बसवलं. रोटेटरवर फडकं पडलं. सगळं गाव तोंड झाकून फिरत होतं, लाजायचं कारणच उरलं नव्हतं, आणि नेमका तेव्हाच बाक रिकामा!

एप्रिलचं रजिस्टर जवळपास कोरं गेलं. वरून एका साहेबांचा फोन आला, ''केसेस कमी झाल्या, छान.'' छान कसलं? रोगी पोचतच नव्हता. अमेरिकेतही 2020 मध्ये क्लॅमिडियाच्या नोंदी आदल्या वर्षापेक्षा 13 टक्क्यांनी घटल्या, कारण हा रोग बहुधा लक्षणं दाखवत नाही, तपासलं तरच सापडतो. त्याच वर्षी तिथे जन्मजात सिफिलिसच्या नोंदी मात्र वाढल्या. इकडे आमच्या राखाडी संचातली अझिथ्रोमायसिन घरोघरी कोरोनाची गोळी म्हणून खाल्ली जात होती. तिने कुणाचं काय अर्धवट दबलं, हे कुठल्या रजिस्टरात येणार?

दिवाळीनंतर एक बाई आली. आठवा महिना, आणि रक्त पहिल्यांदाच काढत होती. लॉकडाऊनमध्ये गावातलं तपासणीचं शिबिर बंद, तालुक्याला यायला गाडी नाही. पट्टीवर दाणे इतके ठळक होते की मी पुन्हा नवा थेंब घेऊन पाहिला. तेच. तिसऱ्या महिन्यात आली असती तर पेनिसिलिनचं एक इंजेक्शन वेळेत पडलं असतं. त्या दिवशीही दिलंच, पण मधले पाच महिने कुठून आणायचे?

आता बोटाच्या एका थेंबावर एचआयव्ही आणि सिफिलिस दोन्ही कळतं, 20 मिनिटांत. नोंद संगणकात जाते. बाकाच्या जागी स्टीलच्या खुर्च्या आहेत. जुनं होतं ते बरं होतं, असं मी मुळीच म्हणणार नाही. रिपोर्टसाठी दुसऱ्यांदा बोलावलेले कितीतरी जण परत फिरकतच नसत. तरी ताईंची ती पंधरा मिनिटं आता दिसत नाहीत, ती असायला हवी होती.

तुमच्या घरात कुणाला दिवस गेले असतील तर पहिल्या भेटीतच ही तपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात ती फुकट होते.