अपात्र चालक, गाडीचा विमा आणि जखमी माणूस

वाहन चालवण्यास अपात्र ठरवलेला चालक म्हणजे लायसन्स कधीच न काढलेला माणूस नव्हे. त्याने लायसन्स काढलेले असते, गाडीही त्याला चांगली येत असते. मात्र मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १९ खाली परिवहन अधिकाऱ्याने किंवा कलम २० खाली न्यायालयाने त्याला ठरावीक मुदतीपुरती गाडी चालवण्यास मनाई केलेली असते. दारू पिऊन, अतिवेगाने, सिग्नल तोडून किंवा मोबाइलवर बोलत गाडी चालवणाऱ्यांची लायसन्स किमान तीन महिने निलंबित करावीत, असे सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्ये राज्यांना बजावले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर हेल्मेट न घालणाऱ्या दुचाकीस्वारालाही दंडाबरोबर तीन महिन्यांची अपात्रता आहे. मनाईच्या मुदतीत गाडी चालवणे हा कलम १८२ खालचा गुन्हा असून त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. ही मनाई रस्त्यावर कोणाला दिसत नाही. लायसन्सचे कार्ड पुष्कळदा चालकाच्या खिशातच राहते आणि गाडीची चावी त्याला मिळत राहते.

अशा चालकाने कोणाला धडक दिली की पहिला वाद गाडीच्या विम्यावरून होतो. कलम १४६ प्रमाणे प्रत्येक गाडीला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. हा विमा मालकाच्या सोयीसाठी नाही. त्या गाडीमुळे ज्यांना इजा होईल त्यांच्यासाठी तो कायद्याने घ्यायला लावला आहे. विमा कंपनीला जखमी माणसापुढे जे थोडे बचाव घेता येतात, त्यांची यादी पूर्वी कलम १४९ मध्ये होती आणि १ एप्रिल २०२२ पासून ती कलम १५० मध्ये आहे. अपात्रतेच्या मुदतीत गाडी चालवणारा माणूस या यादीत स्पष्ट शब्दांत आलेला आहे. कंपन्या नेमक्या याच ओळीवर बोट ठेवतात. ओळ खरी आहे, पण ती अर्धीच सांगितली जाते. उरलेला अर्धा भाग स्वर्णसिंह खटल्यात आहे. ५ जानेवारी २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी ठरवले, की चालकाकडे वैध लायसन्स नव्हते एवढे दाखवून कंपनी सुटत नाही. गाडी योग्य माणसाच्या हाती देण्याबाबत मालकाने हयगय केली, हेही कंपनीनेच सिद्ध करायचे. ते सिद्ध झाले तरी मोटार अपघात दावा न्यायाधिकरण कंपनीला आधी जखमी माणसाचे पैसे भरायला आणि मग ते मालकाकडून वसूल करायला सांगू शकते.

प्रस्तुत लेखिकेला ऑक्टोबर २०२२ मध्ये, दिवाळीच्या तोंडावर, पुण्याजवळ सासवड रस्त्यावर एका मालवाहू टेम्पोने मागून धडक दिली. ती स्कूटरवर होती. उजव्या पायाची नडगी मोडली, आत रॉड घालावा लागला. पोलिसांनी चालकाचे लायसन्स ‘सारथी’ या सरकारी नोंदीत तपासले, तेव्हा मोबाइलवर बोलत गाडी चालवल्याबद्दल परिवहन कार्यालयाने त्याला तीन महिन्यांसाठी अपात्र ठरवल्याचे दिसले. ती मुदत अजून संपलेली नव्हती. एफआयआरमध्ये निष्काळजीपणाच्या कलमांबरोबर कलम १८२ आले ते यामुळेच.

पुढचे सगळे पोलिसांच्या कागदांवर उभे राहते, म्हणून त्यांच्याविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांप्रमाणे तपास अधिकाऱ्याने अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला द्यायचा असतो. जखमी माणसाला त्याच्या हक्कांची माहिती देणारा नमुना १० दिवसांत हाती पडायला हवा. चालक आणि मालक यांनी आपापले नमुने ३० दिवसांत भरून द्यायचे असतात, आणि सविस्तर अपघात अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणात जायला हवा. नियम उत्तम आहेत. प्रत्यक्षात कागद आपल्या पायांनी चालत घरी येत नाहीत. लेखिका अंथरुणावर असताना तिचा भाऊ पोलीस ठाण्यात जाऊन एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, परिवहन निरीक्षकाने केलेल्या टेम्पोच्या तपासणीचा अहवाल आणि टेम्पोच्या पॉलिसीची प्रत मागत राहिला. या कागदांत सर्वांत मोलाची ठरली ती अपात्रतेच्या आदेशाची प्रत. आदेश कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, यावर कंपनीचा बचाव टिकतो किंवा पडतो. मुदत संपल्यानंतर झालेल्या अपघाताला कलम १५० मधली ती ओळ लागू होत नाही.

टेम्पोच्या विमा कंपनीचा तपासनीस घरी आला. त्याने जबाब लिहून घेतला आणि जाताना सांगितले, “मॅडम, ड्रायव्हरचं लायसन्स सस्पेंड होतं. आमच्याकडे क्लेम बसत नाही. मालकाला धरा.” मालकाचे म्हणणे याच्या नेमके उलटे होते. “ताई, गाडीचा विमा चालू आहे, हप्ता भरलाय. कंपनी बघेल ना.” दोघांचे बोलणे सौम्य होते आणि दोघेही आपापल्या परीने जबाबदारी दुसऱ्याच्या दारात ठेवत होते. काही दिवसांनी मालकाच्या एका नातेवाइकाने दवाखान्याच्या बिलापैकी काही रक्कम रोख देऊ केली. बदल्यात स्टँप पेपरवर ‘माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही’ असे लिहून हवे होते. घरच्यांनी ते नाकारले. पाय अजून प्लॅस्टरमध्ये असताना, पुढे आणखी शस्त्रक्रिया लागेल का हे डॉक्टरांनाही माहीत नसताना, आपल्या हक्काची किंमत ठरवून मोकळे होणे कोणत्याही जखमी माणसावर अन्याय करणारे आहे. लेखिका आजही हे ठामपणे म्हणते.

स्कूटरचे प्रकरण वेगळ्या वाटेने गेले. तिची पॉलिसी पॅकेज प्रकारची होती, म्हणजे स्वतःच्या गाडीचे नुकसानही तीत धरलेले होते. समोरच्या चालकाच्या अपात्रतेचा इथे काहीच संबंध नसतो. स्वतःच्या कंपनीला कळवायचे, सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत गाडी उघडायची नाही, मग गॅरेजचे एस्टिमेट मंजूर करून घ्यायचे. पैसे लवकर मिळतात, पण पुरे मिळत नाहीत. प्लॅस्टिक आणि रबराच्या भागांवर ५० टक्के, फायबरच्या भागांवर ३० टक्के घसारा कापला जातो, आणि आजच्या स्कूटरचे अंग बहुतेक त्याच वस्तूंचे असते. शिवाय दावा केला की नो क्लेम बोनस जातो. तो २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत वाढत गेलेला असतो. चूक दुसऱ्याची असली तरी तो जातो, आणि ही रीत अन्यायाची आहे. मात्र कापलेल्या रकमेचा तेवढ्यावरच शेवट होत नाही. मालमत्तेच्या नुकसानीचा दावाही कलम १६५ खालच्या न्यायाधिकरणापुढे मांडता येतो. गॅरेजचे पूर्ण बिल आणि कंपनीने मंजूर केलेली रक्कम यांतला फरक लेखिकेने तिथे मागितला.

मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज अपघात झाला तिथे, अर्जदार राहतो किंवा व्यवसाय करतो तिथे, किंवा प्रतिवादी राहतो तिथे करता येतो. २०२२ पासून अर्जाला सहा महिन्यांची मुदत आहे. या तरतुदीच्या वैधतेला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, तरी जखमी माणसाने त्यावर विसंबून राहू नये. चालक, मालक आणि विमा कंपनी या तिघांनाही प्रतिवादी करावे लागते. चालकाच्या अपात्रतेमुळे मालक किंवा कंपनी यांतले कोणी आधीच गळले, तर वसुलीचा आदेश कोणाविरुद्ध द्यायचा हा प्रश्न शेवटी अर्जदाराच्याच गळ्यात येतो. अर्ज दोन प्रकारचा असतो. कलम १६४ खाली कोणाची चूक हे सिद्ध करावे लागत नाही, पण रक्कम ठरलेली आहे: मृत्यूसाठी ५ लाख, गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये. हाड मोडणे ही कायद्याच्या भाषेत गंभीर दुखापतच असते. कलम १६६ खाली निष्काळजीपणा दाखवावा लागतो, पण भरपाई प्रत्यक्ष नुकसानीप्रमाणे मिळते. पंचनाम्यात मागून धडक स्पष्ट असल्याने लेखिकेच्या वकिलांनी १६६ निवडले.

कंपनीने लेखी म्हणण्यात अपात्रतेच्या आदेशाचा उल्लेख केला आणि आपल्यावर कोणतेच दायित्व नाही असे मांडले. मग प्रकरण लोकअदालतीत गेले. तिथे कंपनीच्या अधिकाऱ्याने जी रक्कम देऊ केली, तिच्यात शस्त्रक्रियेचा खर्चही निघत नव्हता. कारण पुन्हा तेच: “लायसन्सचा प्रॉब्लेम आहे, केस लढलात तर शून्य मिळेल.” लोकअदालत ही चांगली सोय आहे, तिथे झालेल्या तडजोडीवर अपील नसते, त्यामुळे पैसे अडकून पडत नाहीत. पण अपील नाही याचाच दुसरा अर्थ असा, की एकदा सही झाली की मागे वळता येत नाही. स्वर्णसिंह खटल्याची माहिती नसलेल्या माणसाला ‘शून्य’ हा शब्द घाबरवतो. तो शब्द खरा नव्हता.

तडजोड झाली नाही. सुनावणीत कंपनीने परिवहन कार्यालयातील लिपिकाला साक्षीला बोलावले. त्याने मूळ नोंदीवरून आदेश आणि त्याची मुदत सिद्ध केली. कंपनीला एवढे पुरेसे नव्हते. मालकाला हे ठाऊक होते की नाही हा खरा प्रश्न होता. चालकाचे कार्ड पाहून मालकाने विश्वास ठेवला असेल, तर परिवहन कार्यालयात जाऊन त्याची सत्यता पडताळण्याचे ओझे त्याच्यावर नसते, असे सर्वोच्च न्यायालयाने लेहरू खटल्यात २००३ मध्ये म्हटले आहे. मालकाने सुरुवातीला हाच आधार घेतला. उलटतपासणीत मात्र त्याने मान्य केले, की अपात्रतेची नोटीस आल्यावर त्याने चालकाला काही दिवस घरी बसवले होते आणि दिवाळीच्या मालाची घाई सुरू झाल्यावर परत बोलावले. या एका कबुलीने पॉलिसीच्या अटीचा भंग सिद्ध झाला. लेखिकेच्या घरच्यांना त्या दिवशी वाटले की आता सारे गेले. वकिलांनी समजावले, की हा भंग मालक आणि कंपनी यांच्यातला आहे.

दुखापतीचा हिशेब ही वेगळीच लढाई होती. लेखिका घरी शिवणकाम करते, आणि तिचे यंत्र पायडलचे होते. जिल्हा रुग्णालयाने दिलेल्या दाखल्यात पायाच्या कायमच्या अपंगत्वाची टक्केवारी कमीच होती. परंतु राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे, की अवयवाचे अपंगत्व आणि कमाईच्या क्षमतेतली घट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माणूस काय काम करतो ते पाहून घट ठरवावी. लेखिकेकडे पगारपत्रक नव्हते, आयकर विवरणपत्रही नव्हते. पुरावा म्हणून मापांची वही दाखल झाली. गिऱ्हाइकाचे नाव, छाती-कंबर-बाहीची मापे, घेतलेली आगाऊ रक्कम, कपडा दिल्याची तारीख. दोन गिऱ्हाइकांनी येऊन साक्ष दिली. न्यायाधिकरणाने वहीतले पूर्ण उत्पन्न धरले नाही, पण ती फेटाळलीही नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या सरला वर्मा निकालातील तक्त्याप्रमाणे ४१ ते ४५ वयाला कमाईतल्या वार्षिक घटीसाठी १४ चा गुणक लागतो. तोच इथे लागला.

दवाखान्याच्या बिलाचा मोठा भाग लेखिकेच्या मेडिक्लेममधून गेला होता. तेवढी रक्कम भरपाईतून वजा करावी, असा कंपनीचा आग्रह होता. प्रकरण चालू असतानाच मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने मेडिक्लेमची रक्कम अशी वजा करता येणार नाही, असा निर्णय दिला. स्वतः हप्ता भरून घेतलेल्या विम्याचा फायदा धडक देणाऱ्याच्या कंपनीला मिळू नये, हे तत्त्व रास्त आहे. हजारो जखमींना त्याचा आधार होईल.

अखेर आदेश झाला तो ‘आधी भरा, मग वसूल करा’ असा. कंपनीने व्याजासह पूर्ण रक्कम न्यायाधिकरणात जमा करायची आणि अटीचा भंग सिद्ध झाल्यामुळे ती टेम्पोच्या मालकाकडून वसूल करून घ्यायची. रकमेचा काही भाग लेखिकेच्या खात्यात आला, उरलेला मुदत ठेवीत राहिला. चालकावरचा फौजदारी खटला स्वतंत्रपणे चालतो. भरपाई त्याच्या निकालावर अवलंबून नसते. मालकाकडून वसुली करण्यासाठी कंपनीला नवा दावा लावावा लागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने नंजप्पन खटल्यात २००४ मध्येच ठरवले आहे. त्याच आदेशाच्या अंमलबजावणीत ती होते. मालकाने पैसे भरले की नाही, कधी भरले, याचा जखमी माणसाशी संबंध राहत नाही, आणि त्याला मिळालेली रक्कम त्याच्याकडून परत मागता येत नाही.