साखऱ्याची हळद आणि हिंगोलीचे मसाल्याचे दुकान

साखरा हे हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्याचे गाव. फेब्रुवारी-मार्चमध्ये या बाजूला आलात तर शेताच्या कडेला हळद शिजवण्याचे कुकर लागलेले दिसतील आणि त्या वाफेचा मातकट, उग्र वास थेट गाडीत शिरेल. मे-जूनमध्ये लावलेले बेणे आठ-नऊ महिन्यांनी निघते. मग कंद शिजवायचे, दहा-पंधरा दिवस उन्हात वाळवायचे, ड्रममध्ये फिरवून पॉलिश करायचे. पाच क्विंटल ओली हळद काढली तर वाळून हाती एक क्विंटलच्या आसपास राहते. काढणीला जाणाऱ्या बायकांची बोटे तेवढे दिवस पिवळीच असतात.

माल पोत्यांत भरून हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात जातो. व्यापारी हळकुंड मोडून आतला रंग पाहतात, बोली लागते, पोती उचलली जातात. पुढे ती कुठे दळली जाते याच्याशी शेतकऱ्याचा संबंध उरत नाही. काही महिन्यांनी त्याच्याच घरची सून किराणा दुकानातून हळदीचे रंगीत पाकीट आणते. ती हळद कुठली, ते अल्लाहलाच ठाऊक!

म्हणून हिंगोलीच्या बाजारपेठेत नुसत्या चहा-मसाल्याचे नवे दुकान दिसले, तेव्हा मुद्दाम आत गेलो. शाहजिरे, दगडफूल, जायपत्री, कबाबचिनी, सगळे सुटे. निहारीच्या पोटलीचे सामान आमच्याकडे नांदेड-हैदराबादच्या पाहुण्यांना सांगून मागवावे लागे. आता ते इथेच मिळते. आसामचा सीटीसी चहा तीन दाण्यांत. बारीक दाण्याला रंग झटकन सुटतो, हॉटेलवाले तोच नेतात.

“भाई, हळद कुठली?”

“सांगलीहून येते, चाचा.”

सांगलीच्या हळदीला नावे ठेवायची नाहीत. पण यार्ड याच शहरात, वसमतला हळद संशोधन केंद्र, 2024 मध्ये वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळाले, आणि जिल्ह्याच्या दुकानात जिल्ह्याची हळद नाही! दुकानदाराचे म्हणणे असे, की सांगलीचा माल पाकीटबंद, लेबल लावून येतो. इथला शेतकरी पोत्याने विकतो, किलोने नाही. त्यात खोटे काही नाही. दळलेले मसाले सुटे विकायला कायद्याने मनाई आहे. पाकीट करायचे तर गिरणी, परवाना आणि भांडवल हवे. एकट्याला हे जड जाते, पण बचत गटातल्या दहा बायकांना जमण्यासारखे आहे.

तोवर गृहिणींनी हळकुंडच घ्यावे आणि गिरणीतून दळून आणावे. पाकिटाची शंका आली तर ग्लासभर पाण्यात चिमूटभर हळद टाकून पाहा: शुद्ध हळद तळाशी बसते, पाणी फिकट पिवळे राहते, रंग मिसळलेला असेल तर पाणी गडद होते.

निघताना दुकानदाराला विचारले, साखऱ्याहून पाच किलो हळकुंड कोणी आणून दिले तर ठेवाल का? त्याने काउंटरवरची एक रिकामी बरणी पुढे सरकवली.