राहुरीचं कुलूप, पुण्यातली किल्ली

हे लिहितोय परतीच्या एसटीत. रविवार संपला, झोप राहिलीच. असो.

माझे मामा राहुरीजवळच्या एका छोट्या पतसंस्थेत मॅनेजर. एक सर्व्हर, काउंटरवर सहा मशिन्स. भाचा कॉम्प्युटर इंजिनिअर म्हटल्यावर प्रिंटरपासून सगळं माझ्याच गळ्यात! आधी मी दर महिन्याला जायचो. पण नगर-मनमाड रस्ता ज्यांनी अनुभवलाय (जिल्हा आता अहिल्यानगर, तोंडात अजून नगरच), त्यांना मी पुढे काय केलं ते सांगायला नको. राउटरवर ३३८९ नंबरचा पोर्ट उघडून थेट सर्व्हरकडे वळवला. रिमोट डेस्कटॉप सुरू! कोथरूडमध्ये चहा पीत राहुरीचा प्रिंटर चालू करायचो. लई भारी वाटायचं.

काल रात्री सहज सर्व्हरचा सिक्युरिटी लॉग उघडला. विंडोजमध्ये लॉगिन फसलं की ४६२५ नंबरची नोंद पडते. त्या ओळी संपेचनात. अ‍ॅडमिन, टॅली, युजर१... मिनिटाला दहा-दहा. हे कोणी माणूस बसून करत नाही. हा पोर्ट कुठे उघडा सापडतो ते शोधत प्रोग्राम जगभर फिरत असतात. त्यांना राहुरी माहीत नाही की पतसंस्था. दार दिसलं की ढकलून बघायचं. आणि आमचा पासवर्ड? संस्थेचं नाव आणि पुढे १२३. ठेवला मीच होता, हसू नका.

ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सायबर हल्ल्यात सुमारे ९४ कोटी गेले, तेव्हा मी इंजिनिअरिंगला होतो. मामांनी फोन करून विचारलं होतं, "आपल्या संस्थेचं काय रे?" मी हसलो होतो. "मामा, तुमच्याकडं कोण येतंय!"

मग यशस्वी लॉगिन, म्हणजे ४६२४ शोधले. सगळे माझेच. हुश्श केलं, आणि मग तारीख बघितली. लॉगची जागा मर्यादित असते. फसलेल्या नोंदींनी तो इतका भरला होता की जुन्या नोंदी पुसल्या जाऊन फक्त दोन दिवस शिल्लक होते. त्याआधी कोणी आत आलं होतं का? सांगताच येत नव्हतं. बॅकअपची डिस्कही चोवीस तास त्याच सर्व्हरला लावलेली. म्हणजे कोणी फाइली कुलूपबंद केल्या असत्या तर बॅकअपसकट. लोकांच्या आरडी, पेन्शनच्या ठेवी...

पोर्ट बंद केला. त्याच क्षणी माझाही स्क्रीन गोठला. सकाळी पहिली एसटी पकडली.

मामांना सगळं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प. "म्हणजे कोणी आलं होतं की नाही, हेच तुला ठाऊक नाही?"

"नाही."

ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी दोन क्लार्कना घरून बोलावलं, रोज संध्याकाळी छापून ठेवलेली कीर्द काढली आणि खात्यांच्या शिल्लकी एकेक करून ताडून बघायला बसले. चारला शेवटची रक्कम जुळली. तोवर मी सर्व्हर पुसून विंडोज नव्याने टाकलं, पासवर्ड बदलले, डेटा तपासून परत घेतला. आता उघडा पोर्ट नाही. आत जायचं तर व्हीपीएनमधून, तेही फक्त माझ्या लॅपटॉपच्या किल्लीने.

बॅकअपची डिस्क मामांनी काढून तिजोरीत ठेवली.

"ही मात्र इथूनच मिळेल," ते म्हणाले. "लागली की येत जा."