ओट्यावरचें गणित

गणिताचीं कोडीं हा रिकामपणाचा उद्योग होय, असें आमच्या पेशांतील पुष्कळ विद्वानांचें मत आहे. वर्गांत प्रमेय सिद्ध करावें, परीक्षेंत त्यास गुण द्यावे, आणि कोडीं मात्र मुलांच्या मासिकाच्या शेवटच्या पानावर ठेवावीं, अशी वांटणी ठरून गेल्यासारखी दिसते. आम्ही स्वतः तीस वर्षें महाविद्यालयांत गणित शिकवीत आलों; परंतु हें मत आम्हांस कधींच मानवलें नाहीं. याचें श्रेय कोणत्याहि ग्रंथास नसून मुळशी तालुक्यांतील माले गांवच्या एका ओट्यास आहे.

माले हें गांव पौडच्या पुढें, ताम्हिणी घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, मुळशी धरणाच्या परिसरांत आहे. आमच्या आत्याबाईंचें घर तेथें असल्यामुळें सुटींत आमचें जाणें होतें. दिवस मावळला कीं चार घरचीं माणसें त्यांच्या ओट्यावर जमतात. कोणाची म्हैस आटली, कोणाच्या खाचरांत पाणी जास्त झालें, कोणाचा मुलगा हिंजवडीस नोकरीला लागला, असें बोलणें चाललेलें असतें आणि त्यांतच, कांहींएक प्रस्तावना न करितां, कोणी तरी कोडें घालतें. आत्याबाई सुपांतील खडे वेंचतां वेंचतां म्हणतात, “बगळ्यांचा थवा चालला होता. खालचा एक बगळा म्हणाला, ‘या शंभरजणांनो!’ थव्यांतला म्हणाला, ‘शंभर कुठले? आम्ही आहों तितकेच आणखी, आमच्या निम्मे, आमच्या पाव, आणि तूं एक, तेव्हां शंभर.’ सांगा थव्यांत किती?” बीजगणित शिकलेला मनुष्य येथें लगेच ‘क्ष’ मांडूं लागतो. आत्याबाई शाळेंत चौथीपर्यंत गेल्या. त्या बगळ्यांचे पाव पाव असे वाटे करितात. दोन वेळां थवा म्हणजे आठ पाव, निम्मे म्हणजे दोन, आणि एक पाव, मिळून अकरा पाव. नव्याण्णवांत अकरा नवां वेळां, म्हणून पाव थवा नऊ व सगळा छत्तीस. पावकी, निमकी, औटकी घोकलेल्या पिढीस अपूर्णांकाची भीति कशी ती ठाऊकच नव्हती.

दुसरें एक कोडें मणाच्या धोंड्याचें. चाळीस शेरांचा धोंडा पडून त्याचे चार तुकडे झाले. त्या चार तुकड्यांनीं एक शेरापासून चाळीस शेरांपर्यंत कोणतेंहि वजन करतां येतें. तर तुकडे केवढे? एक, तीन, नऊ आणि सत्तावीस. युक्ति इतकीच कीं, तुकडा मालाच्या पारड्यांतहि टाकतां आला पाहिजे. दोन शेर तोलावयाचे तर तीनाचा तुकडा एकीकडे, आणि मालाशेजारीं एकाचा. मण आणि शेर १९५८ नंतर हळूहळू बाजारांतून गेले, पायली कोठें कोठें उरली. तरी या कोड्यांत मण अजून तसाच आहे. भाताच्या मापाचा मण बारा पायलींचा, म्हणजे अठ्ठेचाळीस शेरांचा, आणि तोलाचा चाळीस शेरांचा. हा भेद ओट्यावरचीं लहान मुलें आज जाणतात तीं या धोंड्यामुळेंच.

या बैठकीचा एक नियम आहे, तो आम्हांस फार थोर वाटतो. ज्यास उत्तर सांपडलें त्यानें तें सांगावयाचें नाहीं. “आलें” एवढाच शब्द उच्चारावयाचा व गप्प बसावयाचें. खिशांतलें यंत्र काढून त्यास उत्तर विचारणारा पाहुणा एकदां आला होता; त्यास कोणी रागें भरलें नाहीं, परंतु त्यानंतर त्याला कोणी कोडेंहि घातलें नाहीं. प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्यें जो वेळ जातो त्यांत दहा माणसें एकाच गोष्टीचा विचार करीत असतात. हा वेळ वर्गांत आम्हांस मिळत नाहीं. तेथें घंटा होते.

आणखी एक गोष्ट आम्हांस पुष्कळ दिवसांनीं उमगली. ओट्यावरच्या कोड्यांतील म्हैस खरी असते आणि रुपये खरे असतात. शेजारच्या घरच्या सुनेनें एका संध्याकाळीं कोडें घातलें: हातीं आलेल्या पैशांपैकीं निम्मे किराण्याला गेले, उरले त्यांतले निम्मे मुलांच्या शाळेला, उरले त्यांतले निम्मे सासूच्या औषधाला, आणि आतां दीडशे राहिले, तर आले किती? बाराशे, हें उत्तर कठीण नव्हतें. दीडशे रुपयांत पंधरवडा काढावयाचा आहे, हें जें त्या बाईस चारचौघांत बोलवत नव्हतें तें मात्र सर्वांस कळलें. सकाळीं तिच्या घरीं पायलीभर तांदूळ पोंचले. कोणी दिले याची चौकशी झाली नाहीं.

आमच्या विद्वान् मित्रांनीं याला गणित म्हणूं नये, अशी त्यांची इच्छा असेल. परंतु भास्कराचार्यांनीं ११५० च्या सुमारास लीलावती रचिली तींत तरी काय आहे? भुंगे आहेत, हंस आहेत, वाऱ्यानें मोडलेला वेळू आहे, सापावर झेप घालणारा मोर आहे. त्यांच्या नातवानें, चांगदेवानें, चाळीसगांवाजवळ पाटण येथें त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापिला, त्याचा शिलालेख १२०७ सालचा आहे. तेव्हां हीं कोडीं त्या काळीं कोणी क्षुल्लक मानीत नसावें. क्षुल्लक मानण्याची रीत अलीकडची. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर देवळालीस शाळामास्तर होते. आंकड्यांशीं खेळण्यांत त्यांनीं जन्म घालविला, आपल्या पुस्तिका पदरच्या पैशानें छापल्या, आणि येथल्या गणितज्ञांपैकीं अनेकांनीं त्यांच्या कामास पोरखेळ म्हटलें. पुढें १९७५ सालीं अमेरिकेंत मार्टिन गार्डनर यांनीं आपल्या सदरांत त्यांच्याविषयीं लिहिलें, तेव्हां जगास कापरेकर माहीत झाले. आपल्या घरच्या माणसाची ओळख परक्यानें करून द्यावी, ही आमची जुनीच खोड आहे.

कापरेकरांचा ६१७४ हा आंकडा आम्हीं ओट्यावर नेला. चार अंकांची कोणतीहि संख्या घ्या, चारी अंक सारखे मात्र नसावे. अंक उतरत्या क्रमानें व चढत्या क्रमानें मांडून वजाबाकी करा, आणि तेंच पुनःपुन्हा करीत चला. आम्हीं १९२१ घेतला. ९२११ मधून ११२९ गेले, राहिले ८०८२; ८८२० मधून ०२८८ गेले, राहिले ८५३२; ८५३२ मधून २३५८ गेले, आणि आले ६१७४. येथून पुढें हालचाल बंद. सात पायऱ्यांच्या आंत प्रत्येक संख्या येथेंच येऊन थांबते. मुलांनीं आपापलीं जन्मसालें घालून पाहिलीं आणि त्या रात्रीं जेवणें उशिरा झालीं.

१९२१ हा आंकडा आम्हीं उगाच घेतला नव्हता. त्या वर्षींच्या एप्रिलांत टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. सेनापति बापट त्याचे पुढारी. धरण झालें. भाताचीं खाचरें, देवळें, घरें पाण्याखालीं गेलीं, आणि तें पाणी आजहि सह्याद्रीखालीं भिऱ्याला उतरून वीज निर्माण करतें. एकरास किती, घरास किती, झाडास किती, हे हिशेब त्या काळीं पुष्कळ झाले. एवढे आंकडे खेळविणाऱ्या या ओट्यावर त्या हिशेबाचें कोडें मात्र आम्हीं कधीं ऐकिलें नाहीं. आत्याबाईंस कारण विचारलें. त्या म्हणाल्या, “त्याचं उत्तर आधींच ठरलेलं होतं रे. तें कोडं कसलं?”

गेल्या दिवाळीच्या सुटींतली गोष्ट. पलीकडच्या घरचे आबा ओट्यावर नेहमीं येतात, ऐकतात, पण स्वतः कोडें घालीत नाहींत. त्या दिवशीं त्यांनीं घातलें. “पोरगा झाला तेव्हां मी अठ्ठावीस वर्षांचा होतों. तो गेला त्या सालीं तो माझ्या निम्म्या वयाचा होता. आज असता तर माझ्या वयाच्या तीन वाट्यांतले दोन वाटे झाला असता. सांगा, मी केवढा, आणि त्याला जाऊन किती वर्षं झालीं?” मुलांनीं ‘गेला’ म्हणजे पुण्यास गेला असें धरलें आणि तीं आंकडेमोडीस लागलीं. मोठीं माणसें खालीं पाहूं लागलीं. वयांतलें अंतर नेहमींच अठ्ठावीस. तेव्हां गेला त्या वेळीं मुलगा अठ्ठावीस व बाप छप्पन्न. आज बाप चौऱ्यायशी, आणि मुलगा असता तर छप्पन्न. मुलगा अठ्ठावीस वर्षें होता, आणि तो नसल्यालाहि अठ्ठावीसच झालीं. हें कोडें गेल्या वर्षीं घालतां आलें नसतें आणि पुढल्या वर्षींहि येणार नाहीं. आबांनीं त्यासाठीं किती वाट पाहिली असेल, याचा हिशेब आम्हीं केला नाहीं.

सातवींत शिकणारी एक मुलगी सर्वांच्या आधीं सुटली. तिनें तोंड उघडलें, आबांकडे पाहिलें, ‘असता’ हा शब्द तिला तेव्हां ऐकूं आला असावा, आणि ती हळूच म्हणाली, “आलें.”

“मग आतां तुझी पाळी,” आबा म्हणाले.

तिनें एक्यायशी म्हशींचें कोडें घातलें. पहिली म्हैस एक शेर दूध देते, दुसरी दोन, अशी एक्यायशीवी एक्यायशी शेर. नऊ मुलांस म्हशीहि सारख्या आणि दूधहि सारखें वांटून द्या. आबांनीं कोळशाचा तुकडा मागून घेतला आणि ते फरशीवर घरें पाडूं लागले. सकाळीं आम्ही पुण्यास निघालों तेव्हां ते पुन्हां ओट्यावर येऊन बसले होते, आणि चौथ्या मुलाची बेरीज ३६९ बरोबर उतरली होती.