ऑक्सफर्डच्या वेशीवरची पाणपोई

ऑक्सफर्ड म्हटले की प्रवासी मनोरे आणि ग्रंथालये पाहावयास धावतो. शहराच्या दक्षिण वेशीवरच्या रेडब्रिजला कोण मुद्दाम जातो? तेथे आहे एक मोटारतळ आणि त्यात ओळीने उभे असलेले खांब. विजेच्या मोटारींसाठी जुलै २०२२ मध्ये उघडलेली ही पाणपोईच. फुकट नाही, एवढाच फरक!

खांब एकंदर ४२. काही संथ, काही तडफदार. तडफदारांतला एकेक ३०० किलोवॅटपर्यंत वीज देतो. म्हणजे १० वॉटचे ३०,००० दिवे एकदम उजळावेत, तशी दिवाळीच! असे १० खांब एका वेळी चालू झाले, तर गल्लीतला ट्रान्सफॉर्मर हातच जोडील. म्हणून येथे काउलीच्या उपकेंद्रातून, देशाच्या मुख्य वीजजाळ्यावरून, थेट जमिनीखालून केबल आणली आहे. तळाला १० मेगावॅटपर्यंत वीज मिळू शकते ती तिच्यामुळे.

खरे प्रेक्षणीय ते हेच, आणि नेमके तेच दिसत नाही. खांब उभारणे सोपे. फीत कापायला पाहुणेही मिळतात. पण आडात नसेल, तर पोहऱ्यात कोठून येणार? आपल्या महामार्गांवरही आता असे खांब उभे राहत आहेत. तेथे थांबाल तेव्हा, वाचकहो, खांब मोजून झाल्यावर एवढे अवश्य विचारा: यांच्यामागची तार कोठून आली?