जेवणाच्या टेबलावरचे वाद

सत्तरच्या दशकात आम्ही काही मराठी कुटुंबं न्यू जर्सीत येऊन स्थिरावलो. आमची मुलं नव्वदच्या आसपास हायस्कुलात गेली आणि घराघरांतला अभ्यास बदलला. गणित आणि विज्ञानात त्यांना मदत करणं अवघड नव्हतं. बहुतेक घरांत एक तरी इंजिनिअर होताच. पण दप्तरातून मॅग्रूडरांचं 'अमेरिकन गव्हर्न्मेंट' निघालं, तेव्हा आम्हीही विद्यार्थी झालो. १९१७ साली पहिल्यांदा निघालेलं हे जाडजूड पाठ्यपुस्तक पुन्हा पुन्हा सुधारून छापलं जात होतं. रात्रीची जेवणं झाली की ते टेबलावर उघडायचं आणि भांडी सिंकमध्ये तशीच राहायची.

आमच्या लहानपणी नागरिकशास्त्र म्हणजे इतिहासाला जोडलेला पातळसा भाग होता. ग्रामपंचायतीची रचना, राज्यपालांचे अधिकार, मूलभूत हक्क. उत्तरं पाठ करायची आणि परीक्षेत लिहून यायची. राजकारण आम्ही शिकलो ते शाळेबाहेर. कोणी सेवा दलात जायचं, कोणी शाखेत. एस. एम. जोशी, कॉम्रेड डांगे, आचार्य अत्रे यांच्या सभांना वडिलांचं बोट धरून गेलेले आमच्यात बरेच होते. घरात समाजवाद्यांची 'साधना' येते की संघाचा 'विवेक', यावरून घराची ओळख ठरायची. विचारसरणी आम्हाला आडनावासारखी मिळाली. पण तिची किंमत मोजलेली माणसंही आम्ही पाहिली होती. १९७५ साली आणीबाणी आली तेव्हा येरवड्याच्या तुरुंगात समाजवादी आणि संघाचे कार्यकर्ते एकाच वेळी होते. कोणाचे काका तिथे होते, कोणाचे मास्तर. त्यांची तिथून आलेली पत्रं आम्ही इथे, परदेशात, पुन्हा पुन्हा वाचली.

मुलांची शाळा निराळ्या वाटेनं जात होती. उदारमतवाद, परंपरावाद, समाजवाद, साम्यवाद, फॅसिझम: प्रत्येकाला तेच प्रश्न विचारायचे. हा विचार माणसाच्या स्वभावाबद्दल काय गृहीत धरतो? मालमत्ता कोणाची मानतो? सरकारनं कुठवर जावं म्हणतो? स्वातंत्र्य आणि समता यांत ताण आला तर कोणाला झुकतं माप देतो? मग लॉक, बर्क, मिल, मार्क्स यांचे मूळ उतारे. पुढे एपीच्या, म्हणजे कॉलेजच्या पातळीच्या, वर्गात १७८७ च्या नोव्हेंबरात मॅडिसननं लिहिलेला 'फेडरलिस्ट'चा दहावा लेख. गट पडणं माणसाच्या स्वभावातच आहे, ते नाहीसं करायला गेलात तर स्वातंत्र्यच जाईल, तेव्हा गटांच्या परिणामांना आवर घालणारी व्यवस्था उभारा, असं त्याचं म्हणणं. त्याच सुमारास आमच्या मराठी मंडळात निवडणुकीवरून दोन तट पडले होते आणि मोठी माणसं फोनवर बोलेनाशी झाली होती. एकाच्या मुलानं शांतपणे विचारलं, "बाबा, पण मंडळाच्या घटनेत यासाठी काही तरतूदच नाहीये का?" पुढच्या सभेत घटनादुरुस्तीचा ठराव आला, त्यामागे हा प्रश्न होता.

आमच्यातल्या कित्येक मुलांनी लिंकन-डग्लस पद्धतीच्या वादस्पर्धांत भाग घेतला. १८५८ साली इलिनॉयमध्ये सेनेटच्या जागेसाठी या दोघांच्या गुलामगिरीवरून सात जाहीर सभा झाल्या, त्यांचं नाव या स्पर्धेला आहे. शनिवारी पहाटे मुलांना कुठल्या तरी लांबच्या शाळेत सोडायचं आणि दिवसभर कॅफेटेरियात बसायचं, हे आमचं ठरलेलं. सकाळच्या फेरीत पोरगी मृत्युदंडाच्या बाजूनं बोलायची, दुपारी विरुद्ध. आम्हाला ते पचायला जड गेलं. "मग तुझं स्वतःचं मत काय?" असं विचारलं की उत्तर यायचं, "आई, दोन्ही बाजू नीट मांडता आल्या की मगच ठरवीन ना." सहा महिन्यांसाठी आलेले तिचे आजोबा संस्कृतचे शिक्षक होते. त्यांना मात्र नातीचं लगेच पटलं. "पूर्वपक्ष समोरच्यापेक्षा चांगला मांडता आला पाहिजे, तरच उत्तरपक्षाला अर्थ," ते म्हणाले. पुढची प्रत्येक स्पर्धा होण्याआधी दोघं तळघरात बसून सराव करायची.

पण घरं खरी ढवळून निघाली ती समाजशास्त्रानं. हा विषय ऐच्छिक होता. मुलींनी तो जास्त घेतला. त्यात समाजाकडे पाहायच्या तीन रीती शिकवत: कार्यवादी, संघर्षवादी आणि माणसामाणसांतल्या रोजच्या व्यवहारातून अर्थ कसा घडतो ते पाहणारी. एकीनं प्रकल्पासाठी मंडळाचा गणेशोत्सव घेतला. भाड्यानं घेतलेल्या शाळेच्या सभागृहात आरतीला सगळे एका सुरात येतात, तेव्हा विखुरलेला समाज स्वतःला पुन्हा बांधून घेतो, हे तिनं दुर्खीमच्या आधारानं लिहिलं. मग मार्क्सकडे वळून विचारलं: माइक कोणाच्या हातात असतो आणि तीनशे माणसांचा मसालेभात कोण ढवळतं? शेवटी तिनं पोरापोरींचं वागणं टिपलं होतं. सभागृहात नऊवारी आणि मराठी, पार्किंगमध्ये जीन्स आणि इंग्रजी. तो निबंध घरोघरी वाचला गेला. स्वयंपाकघरातल्या बायकांना आपलं म्हणणं पहिल्यांदाच कागदावर सापडलं होतं. पुढच्या वर्षी अध्यक्षपदासाठी त्यांच्यातलीच एक उभी राहिली.

सामाजिक स्तरीकरणाच्या धड्यानं आम्हाला आंबेडकरांपाशी नेलं. वर्गात वंशभेदाचा विषय चालू होता आणि एका मुलीनं जातीवर लिहायचं ठरवलं. तिला ग्रंथालयात मिळाला तो कोलंबिया विद्यापीठात ९ मे १९१६ रोजी डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात आंबेडकरांनी वाचलेला निबंध. जातीचं मर्म जातीअंतर्गत विवाहात आहे, हा त्याचा गाभा. तिनं तो टेबलावर मोठ्यानं वाचला. आमच्या घरांत जातीचा उच्चार होत नसे. पण भावाबहिणींची स्थळं बघताना ती प्रत्येक पत्रात असे. त्या रात्री त्यावर पहिल्यांदा सरळ बोलणं झालं, आणि ते वर्षानुवर्षं चालू राहिलं. मुलं मोठी होऊन जोडीदार निवडू लागली तेव्हा त्या रात्रीचं बोलणं आमच्या कामी आलं.

मग शोध घेता घेता आपलीच माणसं सापडत गेली. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली अमेरिकेच्या लोकस्थितीवर मराठीत आख्खा ग्रंथ लिहिला होता. इथलं सरकार, शिक्षण, स्त्रियांच्या संस्था, सगळं त्यांनी बारकाईनं पाहिलं होतं. ज्ञानकोशकार केतकरांनी कॉर्नेलला जातीच्या इतिहासावर संशोधन केलं आणि त्यांचं पुस्तक १९०९ साली तिथल्याच इथाका गावातून निघालं. आणि १८७३ साली जोतिराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेच्या जनतेला. मुलं हे आम्हाला सांगत होती, आणि आम्ही त्यांना मूळ मराठी वाचून दाखवत होतो. या विषयात दोन्ही पिढ्यांना एकमेकांची सारखीच गरज होती.

नागरी हक्कांच्या चळवळीचा धडा तर थेट आमच्या दारात येऊन उभा राहिला. आम्ही या देशात कसे आलो, याचं आमचं उत्तर ठरलेलं होतं: शिक्षण आणि कष्ट. एका मुलीनं त्याला तारीख जोडली. ३ ऑक्टोबर १९६५. त्या दिवशी लिंडन जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवतेच्या पायाशी नव्या स्थलांतर कायद्यावर सही केली. त्याआधी, १९४६ च्या कायद्यानं, भारतीयांचा वार्षिक कोटा होता शंभरचा. देशावरून माणूस नाकारायचा नाही हा विचार संसदेत पुढे सरकला, त्याला १९६४ चा नागरी हक्क कायदा आणि त्यामागे रस्त्यावर उतरलेला काळा समाज कारण होता. आमचे कष्ट खरेच होते, पण दार उघडलं होतं दुसऱ्यांनी. हे कळल्यानं आम्ही लहान झालो नाही. या देशाशी आमचं नातं तेव्हा कुठे पक्कं झालं. नागरिकत्वाच्या मुलाखतीसाठी शंभर प्रश्नांची यादी घोकताना मुलंच आमची परीक्षा घेत, पण हे त्या यादीत नव्हतं.

आमच्या एका मैत्रिणीचे सासरे साताऱ्याकडचे. नातीला शाळेत बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६३ साली लिहिलेलं पत्र होतं. थोरोचा निबंध, गांधींचा सत्याग्रह आणि किंग असा दुवा शिक्षकांनी लावून दिला होता. तिनं आजोबांना विचारलं आणि कळलं की ते तरुणपणी नाना पाटलांच्या इंग्रजविरोधी प्रतिसरकारचे निरोप पोचवत होते. अन्यायी सत्तेविरुद्ध बळ वापरावं का, हा वर्गातला प्रश्न आता घरात बसला होता. "आबा, तुम्हाला भीती नाही वाटली?" "भ्यायला सवड कुठं होती, पोरी?" मग मात्र ते बराच वेळ बोलले: काय बरोबर होतं, कशाचा अजून त्रास होतो, याबद्दल. तिनं ते सगळं टेपवर घेतलं. सून म्हणाली, इतक्या वर्षांत हे कोणी विचारलंच नव्हतं.

आता नातवंडं हायस्कुलात आहेत. अभ्यासक्रमांवरून राज्याराज्यांत भांडणं आहेत. २०२३ साली फ्लोरिडानं आफ्रिकन अमेरिकन अभ्यासाचा एपी विषय नाकारला. २०२४ च्या जानेवारीत तिथल्या सरकारी विद्यापीठांच्या सामान्य अभ्यासक्रमातल्या मान्य विषयांतून समाजशास्त्राची प्राथमिक ओळख वगळली गेली. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना एवढे जड विचार कशाला, असं आपल्यातलेही काही म्हणतात. आमच्या पिढीनं उलट पाहिलं आहे. त्या वयातच मूल विचारांना घाबरत नाही आणि आईबापांनाही प्रश्न विचारू शकतं. शाळेनं पद्धत दिली, घरानं माणसं दिली; दोन्ही एकत्र आली म्हणून ते शिक्षण झालं. म्हणून तरुण आईबापांना आमचं आग्रहाचं सांगणं आहे. शाळेच्या बोर्डाच्या सभेला जा, हे विषय टिकावेत म्हणून बोला. मुलांनी जेवताना मार्क्स काढला, बर्क काढला, जात काढली, तर विषय बदलू नका. आजी-आजोबा आले असतील तर त्यांनाही त्या वादात ओढा.