परिषदेवर आपली माणसं

लघुउद्योजकांच्या सभांमध्ये मी वर्षानुवर्षं एकच मागणी लावून धरत आलो : फॅसिलिटेशन कौन्सिलवर आपली माणसं वाढवा. सरकारदरबारी तिचं नाव सूक्ष्म व लघु उपक्रम सुलभीकरण परिषद. 2006 च्या कायद्यानुसार राज्य सरकारं ती नेमतात आणि आमची थकलेली बिलं ती वसूल करून देते, निदान तशी अपेक्षा असते. ‘साहेबलोकांना शॉप फ्लोअरवरचं काय कळतं?’ असं म्हटलं की हमखास टाळ्या पडायच्या. आज मी त्या मागणीच्या विरोधात आहे.

कायदा तसा लेचापेचा नाही. पैसे फार तर 45 दिवसांत द्यायचे, नाहीतर बँक दराच्या तिप्पट दराने, तेही दरमहा चक्रवाढ, व्याज. परिषदेच्या निवाड्याला आव्हान द्यायचं तर खरेदीदाराने आधी 75 टक्के रक्कम कोर्टात भरायची. प्रकरण 90 दिवसांत निकाली काढायचं, असंही त्यात लिहिलंय. जुन्या अर्जदारांना हे सांगितलं तर ते हसतात.

माझं मत फिरलं ते एका जॉबवर्कवाल्या मित्राच्या सुनावणीला सोबत गेलो तेव्हा. त्याच्या फायलीत गेटवरचा इनवर्ड शिक्का मारलेली चलनं होती, बिलं होती, ‘पेमेंट प्रोसेसमध्ये आहे’ अशा परचेसवाल्यांच्या मेल होत्या. कंपनीच्या वकिलाने पहिल्यांदाच रिजेक्शनचा कागद पुढे केला. त्यावर तारीख कुठली, तो आधी का दिला नाही, हे कुणीतरी विचारायला हवं होतं. अध्यक्ष अधिकारी दुसऱ्या बैठकीच्या घाईत. आणि आमचे प्रतिनिधी, ज्यांच्यासाठी मी भाषणं ठोकली होती, ते खाली मान घालून कागद चाळत बसले. त्याच कंपनीचा व्हेंडर कोड त्यांच्याकडेही होता. पुढच्या तारखेला ते आलेच नाहीत, गणपूर्ती झाली नाही, आणखी पुढची तारीख पडली. त्यांना दोष देववत नाही. ज्याच्या ऑर्डरवर आपल्या कामगारांचे पगार होतात, त्याच्याविरुद्ध निकालावर सही करायला किती जण धजावतील?

दुसरी गोष्ट कायद्याची. परिषद आधी सलोखा घडवायला बसते आणि तो फसला की तीच लवाद होऊ शकते. 2022 मध्ये महाकाली फूड्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने यावर शिक्कामोर्तब केलं. पण सलोखा कुठे संपला आणि लवाद कुठे सुरू झाला, हे रीतसर नोंदवावं लागतं. राजस्थानच्या परिषदेने लवादाची सुनावणी न घेताच पैसे देण्याचा हुकूम काढला होता. झारखंड ऊर्जा विकास निगमच्या खटल्यात 2021 मध्ये तो रद्दबातल ठरला. हुकूम होता 2012 चा! आपल्या माणसांच्या आणखी दोन खुर्च्यांनी ही चूक टळली नसती. कायदा कळणारा एक माणूस पुरे होता.

आणि नेमकी त्याचीच सक्ती नाही. कलम 21 प्रमाणे सदस्य तीन ते पाच. उद्योग संघटना, बँका, कायदा-अर्थ-व्यापारातले जाणकार या गटांतून ते निवडायचे. कायद्याचा माणूस त्यात असेलच असं नाही. अध्यक्ष मात्र उद्योग संचालक किंवा त्याच दर्जाचा दुसरा अधिकारी. या ‘दुसरा अधिकारी’त बरंच काही करता येण्यासारखं आहे. अनुदानं, गुंतवणूक मेळावे यांतून मोकळा असा पूर्णवेळ अधिकारी तिथे बसवायला संसदेकडे जावं लागत नाही. रिक्त जागा कशा भरायच्या, कामकाज कसं चालवायचं, हे नियमही राज्यच करतं. ज्याचा खरेदीदाराशी व्यवहार आहे त्याने ते आधी लेखी सांगावं आणि त्या प्रकरणातून उठावं, त्याच्या जागी लगेच दुसरा बसावा, एवढं त्या नियमांत आलं तरी तारखा वाचतील.

आमच्या संघटनेच्या येत्या सर्वसाधारण सभेत हाच ठराव मी मांडतोय. सूचक मी आहे. अनुमोदक अजून मिळालेला नाही.